बयाबाईचा पहिला गाडा

निलेशच्या नव्याकोऱ्या फोनवर गाड्यांची नोंदणी खंडाळ्याच्या उतारावर सायकल सोडावी तशी पळत होती. यात्रेतल्या बैलगाडा शर्यतीचे नंबर यंदा घागरीतल्या चिठ्ठ्यांऐवजी मोबाइलवर काढायचे, हे त्यानंच स्वतः ॲप बनवून कमिटीच्या गळी उतरवलं होतं. अध्यक्ष भिमाजीभाऊ मात्र मिशीतल्या मिशीत हसले.

"तुज्या फोनचं कौतुक नगं. गावात कसले फोनचे डबे हायेत ते बग. त्येंच्यावर चाललं तर ठीक, न्हाईतर आपली घागर हाय."

झालं! सोयरीक जमवायला निघाल्यागत निलेश घरोघर फोन पारखत फिरू लागला. नथूआबांच्या फोनची बॅटरी रबरानं बांधलेली, तो तपासायला घेतला. पोल्ट्रीवाल्या विकासचा फोन सुप्रभातच्या फुलांनी गच्च भरलेला, तोही घेतला. बयाबाई लोणावळ्याला चिक्कीच्या कारखान्यात कामाला. तिच्या फोनवर गुळाचा असा थर, की टेकवलेलं बोट उचललं की फोनही वर यायचा.

"मावशी, असलाच पायजे मला."

"ने बाबा. पर गूळ खरवडू नगंस, काच त्येच्यावरच टिकलीया."

पहिल्या दोन्ही फोनांवर काम लवकरच जमलं. बयाबाईच्या फोनवर मात्र बटण नेमकं काचेच्या भेगेत दडलं. निलेशनं बटण मोठं केलं, बैलांची चित्रं काढून टाकली, आणि अखेर बयाबाईच्या नावानं तपासणीपुरता एक खोटा गाडा नोंदला गेला. आनंदाच्या भरात तो पुसायचा तेवढा राहिला.

शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी देवळापुढं भंडारा उधळून नंबर निघाले. भोंगा गरजला, "पहिला गाडा, बयाबाई!"

सारं गाव बयाबाईकडं वळलं. बयाबाईच्या दारात बैल सोडा, शेळीसुद्धा नव्हती.

"चुकलं, भाऊ. लगेच पुसतो," निलेश पुटपुटला.

"देवाम्होरं निगालेला नंबर पुसतोस व्हय? गाडा आला न्हाई, तर तुजं मोबाइलचं खूळ कायमचं बंद."

"पुसायचा कशापायी?" बयाबाई पदर खोचून पुढं आली. "नंबर माजा हाय. बैलच काय ते न्हाईत."

आता गंमत अशी, की पहिल्या गाड्याला बैल पळायचा घाट कोरा मिळतो. मागून येणाऱ्यांच्या वाट्याला उखणलेली माती. आणि भिमाजीभाऊंच्या नामांकित बैलांना नंबर लागला होता अगदी शेवटचा. बैल शोधून दमलेला निलेश दिवेलागणीला बयाबाईकडं आला, तर भाऊ तिच्या ओट्यावर चहा फुंकत बसलेले.

"बैल माजे, नंबर तुजा," भाऊ म्हणाले.

"आन नाव?"

"माजं लावू की."

"मंग च्या पिऊन घ्या, भाऊ, आन निगा."

भाऊंनी चहा संपवला, पण उठले नाहीत.

दुसऱ्या दिवशी बयाबाईच्या नावानं भाऊंचे बैल असे सुटले, की धुरळा म्हणे घोरावाडी स्टेशनच्या फलाटावर जाऊन बसला. जिंकल्याचा मानाचा फेटा बयाबाईच्या डोक्याला, आणि तो बांधायला अध्यक्ष या नात्यानं खुद्द भिमाजीभाऊ. त्यांचा चेहरा बघून निलेशनं मनातल्या मनात आपल्या उद्योगाला नारळ दिला.

दुसऱ्या सकाळी निलेशचं दार वाजलं. दारात भाऊ, हातात अडगळीतला, उंदरानं कुरतडलेला फोन.

"निलेशराव," भाऊ हळूच म्हणाले, "फुडल्या साली तपासायला ह्यो धरा. नाव माजं टाका. आन मंग पुसायचं तेवढं इसरा."