दोन्ही कान दिसले पाहिजेत

फोटोवाल्यांच्या घरात त्यांच्या बायकोचे, म्हणजे काकूंचे, एकूण नऊ फोटो होते आणि नऊच्या नऊ पासपोर्ट साइजचे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. घराखालच्या स्टुडिओत त्यांचा तीस वर्षं एकच मंत्र चालू होता: "मान सरळ. दोन्ही कान दिसू द्या. हसू नका."

म्हणून लेकीने एक छोटा कॅमेरा पाठवला आणि फोनवर बजावलं, "बाबा, आईचा एक हसरा फोटो हवाय. फुलांमध्ये. नव्या घरात त्याच्यासाठी भिंत रिकामी ठेवलीये." काकूंनी मनात त्या भिंतीवर जाऊन बसायची तयारी केव्हाच केली होती. वसंतात शिवार फुललं, आणि एका रविवारी सकाळी ठेवणीतले कपडे घालून त्या नवऱ्याच्या आधी दारात उभ्या राहिल्या. डॉक्टरांनी फोटोवाल्यांना चालायला सांगितलंच होतं. बरोबर डबा घेतला आणि बसायला पांढरी चादर.

गावाबाहेरच्या पायवाटेवर एक झाड नखशिखान्त फुललेलं होतं. काकू त्याच्याखाली उभ्या राहिल्या. फोटोवाल्यांनी कॅमेरा वर केला, खाली केला.

"मागे फार गर्दी आहे गं."

"कसली गर्दी? फुलं आहेत ती!"

"तेच म्हणतोय. बॅकग्राउंड प्लेन पाहिजे."

आणि त्या भल्या माणसाने बसायची चादर काढून फांदीवर टांगली! काकू कपाळाला हात लावणार, तेवढ्यात सायकलवरून दूधवाला आला.

"पांढऱ्या पडद्यावर फोटो? वा! माझाही काढा की. कचेरीने सगळ्यांचे नवे फोटो मागितलेत, तुमच्या स्टुडिओत यायला सवड कुणाला आहे?"

गिऱ्हाईक समोर आलं की फोटोवाल्यांचं भान सुटतं. वाऱ्याने चादर उडाली तसे ते म्हणाले, "अगं, जरा धर." काकू झाडामागच्या दगडावर चढल्या आणि दोन्ही हात पसरून चादर धरून उभ्या राहिल्या. दूधवाल्याचा फोटो निघाला. मग तो घरोघर दूध घालत गेला, आणि दुधाबरोबर बातमीही घालत गेला.

अर्ध्या तासात झाडाखाली रांग लागली. एक म्हातारी म्हणाली, "हसायचं नाही? सत्तर वर्षांत मला असं कुणी सांगितलं नव्हतं बाबा." आणि तिला जे हसू फुटलं ते आवरेना. मेंढपाळाला बकरीसकट फोटो हवा होता.

"बकरीला कचेरीत कोण विचारतंय?" फोटोवाले वैतागले.

"मला तरी कोण विचारतंय?" मेंढपाळ म्हणाला.

चादरीमागून खुदखुद ऐकू आली. फोटोवाल्यांनी लक्ष दिलं नाही. उन्हात कॅमेऱ्याचा पडदा काही दिसत नव्हता. सवयीने ते समोरच्याचे कान तेवढे बघत होते आणि बटण दाबत होते.

"अहो, माझा फोटो?" चादर विचारायची.

"एवढे दोन झाले की तुझाच."

असे दोन-दोन करत तेवीस झाले. चोविसाव्याला काकू चादर टाकून, केस सारखे करून पुढे आल्या. फोटोवाल्यांनी बटण दाबलं. कॅमेऱ्याने एकदा कुईं केलं आणि डोळा मिटला. बॅटरी संपली होती.

काकूंनी चादरीची घडी घातली. परतीच्या वाटेवर त्या चार पावलं पुढेच चालत राहिल्या. फोटोवाल्यांना भीती वाटली, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं. इतकी वर्षं गावाला चेहरे दिले आणि हिच्या वाट्याला चादर आली, हे त्यांना आतून लागलं.

घरी आल्यावर त्यांनी फोटो कॉम्प्युटरवर उघडले. दूधवाला. मान सरळ, कान दोन. पण डोक्यामागे चादर झोळीसारखी खाली आलेली, तिच्यावर फुलांचा ढीग, आणि फुलांत काकू. हसताहेत!

"मेलो! हा गेला वाया." त्यांनी दुसरा उघडला. म्हातारीवर काकू. मेंढपाळावर काकू, इतक्या हसल्यात की डोळे मिटलेत. तेवीस फोटो, एकही कचेरीत चालणारा नाही.

मग फोटोवाले पुन्हा पहिल्या फोटोवर आले. एकेक करत सगळे बघत गेले. आपली बायको हसताना इतकी छान दिसते, हे त्यांना आज कळत होतं, आणि त्याची लाजही वाटत होती. त्यांनी मेंढपाळाला फोटोतून अलगद कापलं आणि उरलेला फोटो लेकीला पाठवून दिला.

"अगं, इकडे ये. हे बघ."

काकूंनी पाहिलं. "अय्या! चादर घसरली वाटतं."

"तेवीस वेळा?"

"हात दुखत होते हो."

"आता पुढच्या रविवारी सगळ्यांचे परत काढायला जावं लागणार."

"जाऊ की. चादर मी धरीन," काकू म्हणाल्या. मान सरळ होती, दोन्ही कान दिसत होते, आणि चेहऱ्यावर हसू अजिबात नव्हतं.