विमलअक्कांची शेंगांची खोली

आमच्या विद्यापीठात एखादा मुलगा नापास होऊन खचला, एखादीचं लग्न घरच्यांनी परस्पर ठरवून टाकलं, कुणाला काही कारण नसताना रडू यायला लागलं, की त्याच्यापुढे आधी सूप येतं. प्यायचं नव्हे, पाखडायचं. त्यात भुईमुगाच्या शेंगा असतात आणि समोर सतरंजीवर विमलअक्का बसलेल्या असतात.

"सोल," त्या आपल्या अहिराणीत म्हणतात. "घाई नही शे."

विमलअक्का आमच्या विद्यार्थी कल्याण सल्लागार. माहेर पहूरचं, सासर धरणगावचं, मानसशास्त्रात एम.ए. आणि वर समुपदेशनाचं रीतसर शिक्षण. मी शेजारच्या परीक्षा विभागात असतो. म्हणजे पोरांना रडवायचं खातं आमच्याकडे, डोळे पुसायचं त्यांच्याकडे आणि मध्ये एक भिंत.

त्या रुजू झाल्या तेव्हा त्यांच्या खोलीत सोफा होता, निळे पडदे होते, कागदी रुमालांचा डबा होता आणि भिंतीवर 'मन मोकळं करा' असा फलक होता. मन मोकळं करायला कुणी आलं नाही. एक मुलगा आला, तो मोबाईल चार्जिंगला लावून निघून गेला. मग एका दुपारी अक्कांनी घरचं राहिलेलं काम म्हणून शेंगांची पिशवी आणली आणि पदर खोचून सोलत बसल्या. शिष्यवृत्तीची चौकशी करायला आलेला एक पोरगा सवयीनं खाली बसला आणि सोलायला लागला. टरफलांचा ढीग झाला तोवर त्यानं शिष्यवृत्ती सोडून बाकी सगळं सांगितलं होतं.

दुसऱ्याच दिवशी सोफा आमच्या विभागात आला. अजून आहे. छान आहे.

"माणूस समोरासमोर बसला की त्याला आपली परीक्षा चालली असं वाटतं," अक्का म्हणतात. "डोळे शेंगेत असले की तोंड सुटतं."

हिवाळ्यात तुरीच्या शेंगा, उन्हाळ्यात चिंचा, पावसाळ्यात लसूण. सोललेला माल वसतिगृहाच्या मेसमध्ये जातो. पोरांमध्ये आता तो वाक्प्रचारच झालाय. "कुठे चाललास?" "जरा शेंगा सोलून येतो." पुढे कुणी काही विचारत नाही. शेंगांनी सगळंच बरं होत नाही, हे अक्कांना आमच्यापेक्षा जास्त कळतं. दुखणं खोल दिसलं की त्या स्वतः पोराला जळगावात मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे घेऊन जातात आणि बाहेरच्या बाकावर आईसारख्या बसून राहतात.

टरफलांमुळे मुंग्या झाल्या, तेव्हा वरून लेखी समज आली की कार्यालयात धान्य हाताळू नये. अक्का थेट समज पाठवणाऱ्या साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या. "साहेब, भुईमूग धान्य नाही. तेलबी आहे." साहेब शेतकऱ्याच्याच घरचे. त्यांना नाही म्हणता येईना.

एकदा बाहेरून तपासणीला समिती आली. तिच्यातले एक फार कडक प्राध्यापक. खोली पाहून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "हे काय आहे?" अक्कांनी उत्तराऐवजी लसणाचा गड्डा पुढे केला. बाकीची समिती ग्रंथालय पाहून, चहा घेऊन, गाडीत जाऊन बसली, तरी हे गृहस्थ येईनात. मी बोलवायला गेलो तर मांडी घालून लसूण सोलत होते आणि मुलगा आपल्याशी बोलत नाही, हे सांगत होते. डोळ्यांत पाणी होतं. निघताना म्हणाले, "लसणामुळे आलं."

"लसूणच वाईट," अक्का गंभीरपणे म्हणाल्या.

सगळ्यांच्या घरची खबर असलेल्या या बाईंना त्यांच्या घरचं विचारलं, की त्या विषय बदलत. "घरी कोण असतं, अक्का?" "मी असते ना!" यजमान जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही, धुळ्याला एक भाऊ आहे, एवढंच आम्हाला माहीत.

आणि मग रमिला आली. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरची पावरा आदिवासी मुलगी, रसायनशास्त्राला होती. तिच्या घरात कॉलेज पाहिलेली ती पहिलीच. वर्गात सगळ्यांसमोर विषय मांडताना घाबरून तिच्या तोंडून मराठीऐवजी घरच्या बोलीतला शब्द गेला. वर्ग हसला. एवढ्यावर संपलं असतं, पण मेसमध्ये एक मुलगा तिची नक्कल करायला लागला. रमिलानं बॅग भरली आणि वसतिगृह सोडायला अक्कांची सही मागायला आली.

"देते सही," अक्का म्हणाल्या. "घाई नही शे. तोवर एवढी चिंच निवडू लाग."

ती चिंच काही संपली नाही. अक्का रोज घरून नवी आणत. रमिला रोज येई, मान खाली घालून बसे, एक शब्द बोलत नसे. अक्काही विचारत नसत. मीच भिंतीपलीकडे अस्वस्थ.

एक दिवस अक्का म्हणाल्या, "पोरी, चिंचेला तुमच्यात काय म्हणतात?"

रमिलानं हळूच सांगितलं. अक्कांनी तो शब्द असा काही उच्चारला, की रमिलाला हसू फुटलं. अक्कांनी पाणी विचारलं, भाकरी विचारली, बैल विचारला आणि प्रत्येक शब्दाचं वाटोळं केलं. रमिला पोट धरून हसली. मग एकदम गप्प झाली, ओशाळली.

"थांबली का? हस की," अक्का म्हणाल्या. "तू हसलीस म्हणून मी काय बॅग भरून पहूरला निघाली का? उद्या परत बोलीन. चुकीन. मंग बरोबर येईल."

रमिलानं हातातली चिंच बाजूला ठेवली. "सही नको मला," ती म्हणाली.

नक्कल करणाऱ्या पोराला अक्कांनी दुसऱ्या दिवशी बोलावलं आणि काही न बोलता रमिलाच्या शेजारी चिंचा निवडायला बसवलं. तासाभरात त्याचा चेहरा चिंचेपेक्षा आंबट झाला. शेवटी म्हणाला, "चुकलं माझं." रमिलानं मान हलवली आणि त्याच्यापुढे आणखी चिंचा सरकवल्या.

तिनं पुन्हा विषय मांडला, त्या दिवशी अक्का इस्त्रीची साडी नेसून मागच्या बाकावर बसल्या होत्या, मला शेजारी घेऊन. रसायनातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, पण मान अशी डोलवत होत्या, की जणू शोध त्यांचाच. एकदा भलत्याच जागी टाळ्या वाजवल्या. सगळा वर्ग वळून बघायला लागला. रमिला मात्र फळ्यापाशी हसली आणि पुढे बोलत राहिली, न अडखळता. माझी छाती उगाचच फुगली. आमच्या अक्का आहेत या, असं शेजारच्याला सांगावंसं वाटलं. सांगितलंही.

रमिला चांगल्या गुणांनी पास झाली, चोपड्याकडे एका कॉलेजात शिकवायला लागली आणि तिनं अक्कांना घरी बोलावलं. गाडी माझी.

वाटेत केळीच्या बागा मागे पडल्या, डोंगर जवळ आला, तशा अक्का कावऱ्याबावऱ्या. "नितीन, मी तिथं काय बोलू रे?" अख्ख्या विद्यापीठाला बोलतं करणारी बाई मला हे विचारत होती! "मला कुणी असं घरी बोलवत नाही. आमचे हे गेल्यापासून हळदीकुंकू नाही, बारसं नाही. सवय मोडली."

पाड्यावर जेवण झालं. मग रमिलाची आई अंगणात तेलाची वाटी घेऊन बसली आणि धाकट्या मुलीचे केस विंचरायला लागली. अक्का शेजारी बसून बघत होत्या. त्या माउलीला मराठी येत नव्हती. धाकटीची वेणी झाली, तशी तिनं अक्कांच्या खांद्याला हात लावला आणि समोरची जागा दाखवली.

अक्का माझ्याकडे बघायला लागल्या, रमिलाकडे बघायला लागल्या. मग मुकाट्यानं पुढे सरकून बसल्या. तिनं त्यांचा अंबाडा सोडला. पिकलेल्या केसांत तेल मुरवत राहिली, सावकाश. अक्कांनी डोळे मिटून घेतले होते.

परतताना त्या खांद्यावरच्या वेणीवरून हात फिरवत होत्या. लासूर मागे पडल्यावर म्हणाल्या, "आई गेल्यावर माझ्या डोक्याला कुणी हात लावला नव्हता रे."

खिडकीतून भणभण वारा येत होता आणि त्यांची ती घट्ट, चकचकीत वेणी खांद्यावर हलत होती. मी काच वर केली.