वैजनाथ ठीक आहे

कुठल्या गावचा कॉम्प्युटर कधी चालू झाला, कधी रुसला, हे बीडमधल्या खुर्चीवरून न उठता सांगून दाखवतो, असं मी विरुपाक्षअप्पांना छातीठोकपणे सांगितलं होतं! अप्पा आमच्या खत-बियाण्यांच्या पेढीचे मालक. केज, गेवराई आणि धर्मापुरीच्या शाखांत त्यांनी नवेकोरे कॉम्प्युटर बसवले होते. तेव्हा गावोगाव पिवळे फोन बूथ उगवत होते आणि कॉम्प्युटर शिकून आलेला मी, केदारनाथ, स्वतःला फार मोठा समजत होतो.

योजना साधी होती. शाखेतलं मशीन चालू झालं, बंद झालं, की त्यानं फोनच्या तारेतून बीडच्या माझ्या मशीनला नावानिशी कळवायचं. मधूनमधून 'ठीक आहे' असंही सांगायचं. सगळ्या नोंदी माझ्या पडद्यावर एकाखाली एक.

खरं सांगू? मला फक्त केजची नोंद हवी होती. केजला कावेरी होती. महिनाभर बीडला माझ्याकडे कॉम्प्युटर शिकली आणि निघून गेली. तेव्हापासून ऑफिस ओस पडल्यासारखं वाटायचं. फोन करायला कारण लागतं हो! नोंद वाचायला लागत नाही.

पण आमच्याकडे नवी वस्तू पूजेशिवाय चालू होते का? बीडला तर स्वतः अप्पा पूजेला बसले होते. शाखांतही नारळ फुटले, बेल वाहिला गेला, आणि मशीननं नाव विचारलं तेव्हा प्रत्येक शाखेनं, एकमेकांना न विचारता, भक्तिभावानं एकच नाव टाकलं. वैजनाथ!

आता माझा पडदा बघा. वैजनाथ चालू. वैजनाथ बंद. वैजनाथ: कागद अडकला.

"वैजनाथाला कागद अडकला म्हंजे काय बे?" अप्पा कडाडले.

"अप्पा, ते गेवराईचं असेल..."

"असंल? तू तर खुर्चीवरून सांगनार व्हतास!"

चालू-बंदच्या नोंदी मोजून कोण कुठला ते ओळखावं म्हटलं, तर धर्मापुरीची वीज इतक्यांदा जायची-यायची की तिथला वैजनाथ नुसत्या उठाबशा काढायचा.

तरी नावं दुरुस्त करायचं मी टाळत राहिलो. कारण शाखा बंद व्हायच्या, दिवेलागण व्हायची, तरी एक वैजनाथ जागाच असायचा. ठीक आहे, म्हणायचा. थोड्या वेळानं पुन्हा, ठीक आहे. केज! दुसरं कोण असणार? मीही समोर बसून राहायचो. शेवटी पोटात कावळे ओरडले की मशीन बंद करून उठायचो. सकाळी नोंद पाहावी, तर मी उठलो त्याच क्षणी कावेरीही उठलेली! रोज! अंगावर काटा यायचा. इतकं प्रेम सिनेमातही नसतं!

मग अप्पांनी ती नोंद पाहिली. "दिवे लागल्यावर बी कोन लाईट जाळतंय? हुडक. त्याला घरीच बसवतो!"

कावेरीची नोकरी! मी मिळेल त्या जीपला लटकून केज गाठलं. शाखा बंद व्हायची वेळ होती. कावेरी मशीनवर कापड झाकत होती.

"सर! तुमी कावून आलात?"

"संध्याकाळी मशीन चालू ठेवत जाऊ नका. अप्पांना कळलंय."

"माझं? माझं तर रोज ह्या वक्ताला बंद असतंय. मला एस.टी. गाठायची असती."

मी तिला एकाच नावाचा घोळ सांगितला आणि गेवराईला फोन लावला. तिथले सुंदरराव म्हणाले, "आमी तर कवाच बंद केलं की!" धर्मापुरीत वीजच नव्हती.

"तीन वैजनाथ झोपले," कावेरी म्हणाली. "मंग चौथा ऱ्हायला, सर."

"चौथा?"

"तुमचा! बीडला अप्पांनी नारळ फोडला, तवा मीच नाव टाकलं व्हतं. तुमी प्रसाद वाटत व्हता."

नोंदी लिहिणारा प्रोग्राम माझ्या मशीनमध्येही होताच. म्हणजे रोज माझंच मशीन मला 'ठीक आहे' म्हणत होतं, आणि माझ्याबरोबर उठत होतं, कारण मीच त्याला बंद करत होतो!

कावेरी लई हसली. मग थांबली. "पन सर, तुमी इतका वेळ कुनासाठी बसता?"

इथंच बोलायला हवं होतं. सगळं ओठांवर आलं होतं. बाहेर एस.टी.चा हॉर्न वाजला.

"कामं असतात," मी म्हणालो. ती धावत गेली.

अप्पांनी मला घरी बसवलं नाही, संध्याकाळचा पंखा तेवढा बंद केला. नावं आता चोख आहेत. केज वेळेवर बंद होतं. मग मी घाम पुसत बसून राहतो आणि पडद्यावर एकटीच नोंद येत राहते. बीड: ठीक आहे.

साफ खोटं बोलतं बेटं!