संपर्क : मुलीचे मामा

नदीवरची मोटर घरात बसून चालू-बंद करणारा शिरोळ तालुक्यातला पहिला माणूस मीच, असं मी अजूनही छातीठोकपणे सांगतो. दुसरा कोणी तसं म्हणत असेल तर त्यानं पेटीची पावती दाखवावी. माझ्याकडे आहे. एप्रिल २००८ ची, लॅमिनेशन करून ठेवलेली.

मी कोल्हापुरात एका हायस्कुलात प्रयोगशाळा सहायक. त्यामुळे वीज या विषयात आमच्या अख्ख्या खानदानात माझा शब्द शेवटचा. माझी थोरली बहीण, आक्का, शिरोळजवळच्या एका गावात दिलेली. केरबा दाजींचा सगळा ऊस कृष्णेच्या पाण्यावर, आणि मोटर घरापासून दीड किलोमीटरवर. दाजींचे गुडघे कधीच गेलेले. लाइट आली की त्यांनी लंगडत नदीवर जायचं, बटण दाबायचं, आणि घरी येऊन टेकेपर्यंत लाइट गेलेली असायची. शेवटी आक्का मला म्हणाली, शाळेत एवढा वायरींशी खेळतोस, तर ह्यांच्या गुडघ्यांचं काहीतरी बघ.

मी बघितलं! बाजारात तेव्हा एक पेटी नवीन आली होती. तिच्यात मोबाईलचं सिमकार्ड घालायचं आणि ती मोटरच्या स्टार्टरला जोडायची. त्या नंबरवर मिस कॉल दिला की मोटर सुरू. परत मिस कॉल दिला की बंद. पेटी फोन उचलत नाही, एक रिंग ऐकून कट करते, म्हणजे खर्च शून्य. 'निघालो', 'पोचलो' आणि 'जेवायला वाढ', एवढं सगळं मिस कॉलवर सांगणाऱ्या आमच्या जिल्ह्यासाठी देवानंच पाठवलेलं यंत्र होतं ते. दुकानदार म्हणाला, ठरावीक चार नंबरांचंच ऐकेल असंही करता येतं, करून देऊ का? मी म्हटलं, नको. दाजींची बॅटरी उतरली तर शेजाऱ्याच्या फोनवरून लावता आला पाहिजे. दुकानदार माझ्याकडे बघतच राहिला. मला त्या वेळी तो आदर वाटला.

सिमकार्डही घरातच सापडलं. आमच्या शाळेच्या सगळ्या स्टाफनं त्याच आठवड्यात एका स्कीममध्ये नवे नंबर घेतले होते, आपापसात बोलणं फुकट. माझं जुनं सिम रिकामं पडलेलं, तेही लाइफटाइम व्हॅलिडिटीचं. ते मी मोटरला देऊन टाकलं. पहिला मिस कॉल दाजींनी ओसरीवर बसून दिला आणि दोन मिनिटांत पाइपातून पाणी आलं, तेव्हा त्यांनी मोबाईल कपाळाला लावला. मला भरून आलं.

आता मुख्य गोष्ट. मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी आक्काच्या मुलीचं, संयोगिताचं लग्न होतं, पेठ वडगावच्या कृष्णातरावांच्या मुलाशी. मंडप घराशेजारच्या रानात, ऊस गेल्यामुळे मोकळ्या झालेल्या जागेत. पत्रिका मार्चमध्येच छापून झाल्या होत्या आणि खाली ठळक अक्षरात 'संपर्क : मुलीचे मामा' म्हणून माझं नाव आणि नंबर. मी तिचा एकुलता एक सख्खा मामा. आमच्याकडे मुलीला हाताला धरून मंडपात आणायचा मान मामाचा, आणि त्यासाठी मी वर्षभर आधी कोट शिवून ठेवला होता. मंडपाची व्यवस्थाही मीच अंगावर घेतली. पाव्हण्यांच्या गाड्या लावायला जागा हवी म्हणून रानातला पाण्याचा पाट मुरूम टाकून बुजवला, ती कल्पनाही माझीच.

लग्नाला पंधरा दिवस असताना दाजींचा फोन आला. त्यांचा आवाज बारीक झाला होता.

"मोटर आपसूक सुरू व्हतीया. बटाण कुणी दाबलं न्हाय, मिस कॉल कुणी दिला न्हाय. तुमची आक्का म्हणतीया, नदीवर कायतरी हाय."

आक्कानं मोटरला नारळ फोडला होता, लिंबूमिरची बांधली होती. मी हसलो. शास्त्र शिकलेला माणूस असल्या गोष्टींवर विश्वास ठेवत नाही. कोणीतरी टवाळ माणूस नदीवर जाऊन बटण दाबतोय, हे मी कोल्हापुरात बसून ओळखलं. पुढच्याच रविवारी जाऊन स्टार्टर, फ्यूज, मेन स्विच, पेटी असं सगळं एका लोखंडी कपाटात बंद केलं आणि त्याला मुठीएवढं कुलूप लावलं. दाजींनी किल्ली मागितली. मी म्हटलं, सुरक्षेच्या बाबतीत नातं बघायचं नसतं. किल्ली कोल्हापूरला आणून बायकोच्या दागिन्यांच्या लॉकरमध्ये ठेवली.

लग्नाच्या दिवशी सकाळी नऊला मी कोट घालून मंडपाच्या दारात उभा होतो. खिशात नवा मोबाईल. पत्रिकेवर नंबर माझा, तेव्हा रस्ता विचारायला दिवसभर फोन येणार म्हणून तो रात्रभर चार्जिंगला लावला होता. पण फोन काही वाजेना. पत्ताच इतका स्पष्ट छापला असेल, अशी मी समजूत घालून घेतली. तेवढ्यात दाजींची पेठ वडगावची मावसबहीण अंबूबाई रिक्षातून उतरली, ती तापलेलीच.

"मामा, लई मोठं झालासा व्हय? चार डाव फोन लावला, चारी डाव कट केलासा!"

मी मोबाईल काढून दाखवला. एकही कॉल नव्हता. तिनं पिशवीतून पत्रिका काढली, नंबरावर बोट ठेवलं आणि माझ्या पुढ्यात धरली. तो माझा जुना नंबर होता. म्हणजे मोटरचा! साडेतीनशे पत्रिका चार तालुक्यांत वाटलेल्या, आणि मोटरच्या कपाटाला कुलूप लावून मी निवांत झोपलो होतो.

हे डोक्यात शिरतंय तोवर पायांना गार लागलं. खाली बघितलं तर पाणी. पाट बुजवलेला, त्यामुळे पाइपातलं पाणी जाणार कुठं? ते सरळ मंडपात आलं होतं आणि नवऱ्याकडच्या खुर्च्यांच्या दोन रांगा ओलांडून स्टेजकडे निघालं होतं. मुहूर्त बारा पस्तीसचा. मी दाजींची मोटरसायकल काढली आणि कोटासकट नदीवर पोचलो. मोटर जोरात चालली होती. कुलूप मी लावलेलं, किल्ली कोल्हापुरात, पन्नास किलोमीटरवर. जाऊन येईपर्यंत मंडपात भात लावता आला असता.

म्हणून मी मिस कॉल दिला. मोटर बंद झाली. हुश्श केलं, तर लगेच सुरू. कोणीतरी हातकणंगल्याहून निघालं असणार. मी परत बंद केली. मग एकदम दोघं निघाले, पहिल्यानं सुरू केली आणि दुसऱ्यानं बंद. त्या दुसऱ्या माणसाचे मी आजही आभार मानतो. एकदा मी बंद करायला फोन लावला आणि माझ्या आधी कोणाचा तरी लागून ती बंदच झाली होती, ती मी सुरू केली. चालू आहे की बंद हे फक्त तिथं उभं राहून आवाजावरूनच कळत होतं, त्यामुळे हलायची सोय नव्हती. वर त्या दिवशी लाइट एकदाही गेली नाही. आठवडाभर चार-चार तास जाणारी लाइट!

साडेअकराला मी दाजींना फोन केला. म्हटलं, स्पीकरवरून सांगा, मामांच्या नंबरवर कोणी फोन करू नका. माझं चुकलं ते इथं. पाच मिनिटांत गावच्या लाउडस्पीकरचा आवाज नदीपर्यंत आला.

"सूचना! मुलीच्या मामांच्या नंबरवर कृपया कोणीही फोन करू नये. नंबर लिहून घ्या."

आणि निवेदकानं एक-एक आकडा सावकाश, दोनदा वाचला. ज्यांच्याकडे पत्रिका नव्हती त्यांचीही सोय झाली. फोन करू नका म्हटल्यावर नेमकं काय होतं, हे बघितल्याशिवाय आमच्याकडचा माणूस जेवायला बसत नाही. पुढचा पाऊण तास मोटर इतक्या वेळा चालू-बंद झाली की तिला उचकी लागल्यासारखं वाटायला लागलं. माझा अंगठा सुजला.

साडेबाराला परत स्पीकर वाजला. मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावे. मग पुन्हा, मुलीच्या मामांनी लवकर यावे. तिसऱ्यांदा, मुलीचे मामा जिथे असतील तिथून यावे. मी जिथे होतो तिथेच होतो. उठलो असतो तर पोरीच्या अक्षता पाण्यात पडल्या असत्या. तिला पाळण्यातून पहिल्यांदा मी उचललं होतं, आणि आज तिच्या हाताला धरायला मी नव्हतो. शेवटी आमचा एक चुलतभाऊ मामा म्हणून उभा राहिल्याचं स्पीकरवरूनच समजलं. मंगलाष्टकं सुरू झाली, माझ्या डोळ्यांना पाणी आलं, आणि मोटर सुरू झाली. डोळे न पुसता मी मिस कॉल दिला.

लग्न छान झालं म्हणे. चिखलावर उसाचं पाचट पसरलं होतं, आणि भर मे महिन्यात असला गार मंडप आपण जिल्ह्यात कुठं बघितला नाही, असं कृष्णातराव चारचौघांत म्हणाले. कूलर कुठून भाड्यानं आणले, हेही त्यांनी दाजींना विचारलं.

चारच्या सुमाराला बायको कोणाच्या तरी स्कूटीवर बसून माझं जेवण घेऊन आली. मी चिखलानं भरलेल्या कोटात, मोबाईल हातात धरून, मोटरकडे कान लावून बसलेलो. सकाळपासूनची सगळी हकीकत मी तिला सांगितली, माझ्यामुळे लग्न कसं वाचलं तेही सांगितलं. तिनं डबा खाली ठेवला. कपाटाकडे बघितलं, कुलपाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"अख्ख्या नदीकाठाला कुलूप फोडायला एक दगूड गावला न्हाय व्हय तुम्हास्नी?"

मी खाली बघितलं. सकाळपासून मी ज्यावर बसलो होतो, तो दगडच होता.