हिरामावशींचा ड्रम जेवतो

आमच्या बिल्डिंगमध्ये काल काय शिजलं, कोण रुसलं, कोण आजारी आहे, हे हिरामावशींना कचऱ्यावरून कळतं. सकाळी दारोदार फिरून त्या ओला कचरा घेतात, बादलीत नाक घालतात आणि बायकोच्या देखत मला विचारतात, "काल भांडलात ना? भात तसाच हाय."

नारपोलीत, यंत्रमागांच्या वस्तीत आमची चार मजली बिल्डिंग. गच्चीवर मावशींची टोमॅटोची रोपं आणि कचरा कुजवायचा निळा ड्रम. हात लावला तर ताप आलेल्या माणसाच्या कपाळासारखा लागतो. आजूबाजूचे लूम, म्हणजे माग, चालू असले की काही वाटत नाही; पण लाइट जाऊन खटखट थांबली, की आतून बुडबुड ऐकू येते. "जेवतोय," मावशी म्हणतात.

कुजलेला कचरा रोपांना घालून वर त्या दाणेदार रासायनिक खत टाकतात, तेही चिमटीने. "कचरा म्हनजे जेवान, खत म्हनजे मीठ. मिठानं पोट भरत न्हाय, न् मिठाबिगर जेवान जात न्हाय." एकदा खालच्या शेखभाईंनी मदत म्हणून ओंजळभर खत ओतलं. रोप जळालं. आठवडाभर मावशी त्यांच्याशी बोलल्या नाहीत. टोमॅटो मात्र असे लालभडक, की कापताना सुरी थबकावी. घाबरत का होईना, सगळे खातात.

अलीकडे ड्रमला कुजक्या मासळीचा वास यायला लागला. "उसमें कुछ है," शेखभाईंनी सांगून टाकलं. ड्रम काढायचा ठराव झाला, आणि निरोप सांगायला सेक्रेटरी म्हणून मी. ड्रम गेला की मावशींचा जीवच जाईल, हे काय मला कळत नव्हतं?

संध्याकाळी गच्चीवर पोचलो आणि नेमकी लाइट गेली. लूम गप्प झाले. मावशी ड्रमशी बोलत होत्या. "आज बांगडा हाय. सावकाश."

उघड्या ड्रममधून वाफ येत होती. मावशींच्या हातात भरलेलं ताट होतं. गरम भात, बांगड्याचं कालवण, अख्खी भाकरी. कुणी शिवलेलंसुद्धा नव्हतं.

"मावशी, हे कुणाचं?"

"ह्यांचं."

त्यांचे यजमान लूमवर कामाला होते. गेल्या वर्षी वारले. खांदा द्यायला मीही होतो.

"येडी न्हाय झाले मी," त्या म्हणाल्या. "गेलं ते ठावं हाय. पन तांदूळ घेताना हात दोघांचंच घेतो. एवढं चांगलं अन्न गटारात कसं टाकू? इथं टाकलं की कुनीतरी जेवलं असं वाटतं."

ठराव तोंडातच राहिला. मी ताट त्यांच्या हातातून घेतलं, पाण्याच्या टाकीला टेकून बसलो आणि कालवण भातावर ओतलं.

मावशींनी ड्रमचं झाकण लावलं आणि माझ्यासमोर बसून माझा एकेक घास बघत राहिल्या.

"आनखी भात आनू?" त्यांनी विचारलं, आणि घरात उरलेलाच नाही हे आठवून एकदम लाजल्या.

"उद्या वाईच जास्त टाकते," त्या म्हणाल्या.