शेपूट दिसत नाही

जगात आजवर उडालेलं एकही जुनं विमान असं नाही, जे आपण फोटोवरून ओळखणार नाही, असं दादांचं ठाम म्हणणं होतं. त्यासाठी अख्खं विमान दिसायला हवं असंही नाही. शेपटाचा कोपरा दिसला तरी दादा त्या विमानाची सात पिढ्यांची माहिती सांगत, आणि ऐकणारा उठून गेला तरी सांगत राहत.

पोटापाण्यासाठी दादांचं चष्म्याचं दुकान होतं. खुर्चीत बसलेलं गिऱ्हाईक समोरच्या फळ्यावरची अक्षरं वाचत असे आणि काउंटरमागे दादा भिंग लावून फोनमधलं विमान वाचत असत. गिऱ्हाईक शेवटच्या ओळीवर अडखळून गप्प झालं, की काही वेळाने दादा "छान, पुढे?" म्हणत. पुढे भिंत असे.

दादांचा 'शेपूट ओळखा' नावाचा एक ग्रुप होता. कोणीतरी जुना, धुरकट फोटो टाकायचा आणि बाकीच्यांनी दोन गोष्टी ओळखायच्या: विमान कोणतं आणि फोटो कुठला, म्हणजेच स्थळ. टाकणाऱ्याने स्थळ आधी सांगायचं नाही, हा कडक नियम. या नियमाचे रखवालदार म्हणजे गुरांचे डॉक्टर, दादांचे जिवलग मित्र आणि हाडवैरी. एका विमानाच्या खिडकीभोवती किती खिळे होते यावरून दोघांचं इतकं बिनसलं होतं, की बरेच दिवस त्यांनी एकमेकांना शुभ प्रभातसुद्धा पाठवलं नव्हतं.

घरच्या माणसांचे फोटो दादा बघत नसत असं नाही, पण ते माणसांच्या मागे बघत. लग्नानंतर वहिनींबरोबर समुद्रावर काढलेल्या फोटोत वरच्या कोपऱ्यात एक ठिपका होता. तो ठिपका म्हणजे मालवाहू विमान आहे हे दादांनी शोधून काढलं आणि फोटोचा तेवढाच कोपरा मोठा करून बैठकीत लावला. त्यात खाली वहिनींचा एक खांदा राहिला आहे. येणाऱ्याजाणाऱ्याला वहिनी तो खांदा आवर्जून दाखवतात.

दादांची धाकटी बहीण दातांचा दवाखाना चालवायची. चाळिशी ओलांडली होती, लग्नाचं नाव काढू देत नव्हती. आलेलं प्रत्येक स्थळ तिने दाढ उपटावी तसं उपटून बाजूला ठेवलं होतं. आणि अचानक मावशीने सुचवलेल्या एका गृहस्थाशी ती फोनवर तासन्‌तास बोलायला लागली. वहिनींनी ही बातमी जेवताना दादांना सांगितली, तेव्हा दादा "हं" म्हणाले. दुसऱ्या दिवशी धाकटी दुकानात येऊन स्वतःसाठी नवी फ्रेम निवडून गेली, आरशात तीनतीनदा बघून, थोडी लाजून. दादांनी तेव्हाही "हं" म्हटलं आणि नंबर विचारला.

त्याच संध्याकाळी धाकटीने घरच्या ग्रुपवर एक फोटो टाकला. खाली लिहिलं होतं, "दादा, हे स्थळ कसं वाटतं? नीट पारखून, अगदी खरं सांग. तुझ्या शब्दावर मी पुढे जाणार आहे."

फोटोत एक गृहस्थ उभे होते आणि त्यांच्या मागे विमान होतं. निदान दादांना तरी विमानच दिसलं. गृहस्थ दिसले ते अडथळा म्हणून, कारण त्यांनी नेमकं शेपूट झाकलं होतं.

दादांना भरून आलं. इतक्या वर्षांनी घरातल्या कोणाला तरी त्यांच्या विद्येची किंमत कळली होती. 'स्थळ' हा ग्रुपमधला शब्दसुद्धा पोरीने बरोबर वापरला होता. त्यांनी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं, भिंग पुसलं आणि मन लावून लिहिलं:

"जुनं आहे. दिसतं त्याहून जुनं, वरून रंग मारलाय. नाक मूळचं नाही, कधीतरी आपटल्यावर नीट केलेलं दिसतं. पोट नंतर वाढलेलं आहे. डावा पाय अधू. आधी दुसऱ्या कोणाकडे होतं, तिथून काढून टाकलं असावं. आवाज भयंकर करत असणार. आता उडेल अशी आशा नको. पण असा नमुना दुर्मीळ. शेपूट दिसत नाही, ते दिसलं असतं तर छातीठोक सांगितलं असतं."

मग हाच फोटो गृहस्थांना कापून त्यांनी 'शेपूट ओळखा'वर टाकला आणि समाधानाने घरी जाऊन झोपले. घरच्या ग्रुपवर मावशीने हौसेने त्या गृहस्थांनाही घेऊन ठेवलं आहे, हे दादांना माहीत असायचं कारण नव्हतं. एरवी तो ग्रुप ते उघडतच नसत.

सकाळी दुकान उघडतात तोच धाकटी आली. डोळे सुजलेले होते. तिने फोन काउंटरवर ठेवला.

"दादा, आयुष्यात एकदा तुला काहीतरी विचारलं. माणूस नको होता तर नको म्हणायचंस. शेपूट कसलं शोधतोस त्यांचं?"

"कोणाचं?" दादा म्हणाले. मग त्यांनी फोटो पुन्हा पाहिला, आणि अडथळ्याला या वेळी चेहरा होता. खालचा मजकूर दादांनी भिंग लावून एकेक शब्द वाचला. त्यांना बहिणीच्या पायाशी लोळण घ्यावीशी वाटली. मी विमानाबद्दल बोलत होतो गं, असं त्यांनी तीनचारदा सांगितलं. ते खरं होतं, म्हणून जास्तच वाईट वाटत होतं. धाकटी नव्या फ्रेमचे पैसे परत मागायला लागली, तेवढ्यात फोन वाजला. गृहस्थांचं उत्तर आलं होतं. तिने ते उभ्याउभ्या मोठ्याने वाचलं.

"दादासाहेब, एका फोटोवरून माणूस इतका अचूक ओळखणारे आपण पहिलेच. केसांना रंग लावतो, मान्य. शाळेत झोपाळ्यावरून आपटलो, तेव्हा नाक नीट करून घ्यावं लागलं. पोट अलीकडचं. डावा गुडघा दुखतो. पहिल्या बायकोने मला काढून टाकलं, हेही मी स्वतःच सांगणार होतो, धीर होत नव्हता. घोरतो, आणि भयंकर. उडायचं वय गेलं. दुर्मीळ म्हणालात, त्याबद्दल आभारी आहे. शेपूट नाही. खात्रीसाठी रविवारी समक्ष येतो."

वाचतावाचता धाकटीचा आवाज बदलत गेला. शेपटापाशी ती हसायला लागली, आणि हसता हसता रडली. जो माणूस एवढं ऐकून चिडला नाही, त्याच्याशी आपण नक्की लग्न करणार, असं तिने तिथेच सांगून टाकलं. फ्रेमचे पैसे दादांकडेच राहिले.

रविवारी गृहस्थ आले. साधा, हसरा माणूस. जिना चढताना गुडघा धरत होता. वहिनींनी त्यांना प्रथम आपला खांदा दाखवला. दादांनी माफी मागितली, मग पुन्हा मागितली, आणि सगळे हसले तेव्हा त्यांना राहवलं नाही.

"एक विचारू? ते मागचं विमान. त्याला शेपूट आहे का हो?"

"विमान?" गृहस्थ म्हणाले. "ते आमच्या कोपऱ्यावरचं गाड्या धुवायचं दुकान आहे. मालकाने पाण्याच्या दोन टाक्या जोडून वर पंखांसारखे पत्रे ठोकलेत. शेपटाच्या जागी नळ आहे."

दादांचा चेहरा इतका पडला, की धाकटीला त्यांची दया आली. माणूस तरी बरोबर ओळखलास ना, असं म्हणून तिने त्यांना धीर दिला.

पण दादांचं लक्ष फोनकडे होतं. 'शेपूट ओळखा'वर हलकल्लोळ माजला होता. हे विमान जगात एकच उरलं असल्याचं सर्वानुमते ठरलं होतं, आणि गुरांच्या डॉक्टरांनी तर लहानपणी आपण ते डोक्यावरून जाताना पाहिल्याचं, त्याच्या आवाजाने म्हैस बुजल्याचं लिहिलं होतं.

"खरं सांगून टाक, दादा," धाकटी म्हणाली. "खरं सांगून यांचं काही वाईट झालं का?"

दादांनी डोळे मिटले आणि लिहिलं, "मंडळी, क्षमा असावी. ही पाण्याची टाकी आहे."

मग डॉक्टरांचं उत्तर आलं.

"टाकी कोणत्या बनावटीची, ते ओळखतो. फक्त स्थळ सांगू नका."