चापटीचा रेडिओ

सासूबाईंनी रेडिओकडे पाहिलं, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं आणि विचारलं, "हा कुणाचा?"

"कुणाचा म्हणजे? तुमचाच, आई," डॉक्टर म्हणाले. ते धूड उचलून जिना चढल्यामुळे त्यांना धाप लागली होती, आणि दोन शब्द कौतुकाचे कानावर पडावेत म्हणून जीवही टांगला होता.

डॉक्टर दातांचे होते. दिवसभर लोकांच्या तोंडात डोकवायचं आणि संध्याकाळी जुन्या रेडिओंच्या पोटात, हा त्यांचा क्रम. हत्यारंही बरीचशी तीच. दाढेमागची कीड दाखवणारा चिमुकला आरसा व्हॉल्व्हमागचा तुटका जोडही दाखवतो, हा शोध त्यांनी स्वतः लावला होता आणि पेशंटांपासून लपवून ठेवला होता. घरात रेडिओ इतके, की पाहुण्याला बसवायचं तर आधी एखाद्या रेडिओला उठवावं लागे. लाकडी दारांचे दोन जुने टीव्हीही होते. त्यातल्या बंद पडलेल्यात त्यांची बायको उशांचे अभ्रे ठेवायची.

या सगळ्या गोतावळ्यात काचेच्या कपाटात बसायचा मान एकालाच. तो रेडिओ मिळवायला डॉक्टरांनी कित्येक वर्षं वाट पाहिली होती. त्याच्यावरची धूळ झटकायची परवानगी बायकोलाही नव्हती. आणि त्याचा अगदी जुळा भाऊ सासूबाईंच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर बसून रोज मार खायचा.

कारण सासूबाईंचा रेडिओ चापट खाल्ल्याशिवाय बोलायचाच नाही. बटण फिरवायचं, दिवा लागायचा, पण आवाज नाही. मग डाव्या कुशीत, जरा खालच्या अंगाला, तळहाताने एक सणसणीत द्यायची. सासरे होते तोवर हा मान त्यांचा होता. पुढे तो सासूबाईंकडे आला आणि हल्ली त्यांचा तळहात दुखायला लागला. "तेवढं बघा ना जरा," बायको म्हणाली आणि डॉक्टर एका पायावर तयार झाले, रेडिओ घरी घेऊन आले.

"चापट न मारता कसा लागला?" सासूबाईंनी विचारलं. रेडिओ खणखणीत आवाजात बातम्या देत होता.

"आता गरजच नाही! आत एक जोड कच्चा होता, तो पक्का केला."

"मग हा माझा नव्हे. माझ्या रेडिओवर यांच्या चहाच्या कपाचा गोल डाग होता."

"तो मी घासून काढला."

"बाजूला तुमच्या बायकोने लहानपणी कंपासने ओढलेली रेघ होती."

"ती भरून घेतली. वरून पॉलिश."

"आणि शेवटच्या बटणाच्या जागी यांनी टूथपेस्टचं टोपण बसवलं होतं."

इथे मात्र डॉक्टरांची कळी खुलली. "ते टोपण फेकलं! अस्सल बटण मिळवलं. किती ठिकाणी हिंडलो, विचारू नका."

सासूबाईंनी खरंच विचारलं नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "तुमच्या काचेच्या कपाटात असाच एक आहे ना, जावईबापू? होतं असं. उचलताना गफलत होते माणसाची. मी काही म्हणत नाही. पण माझा मला आणून द्या."

काही म्हणत नाही असं म्हणणाऱ्या माणसाला जे म्हणायचं असतं, ते सगळं त्यात होतं. डॉक्टरांनी तोंड उघडलं आणि त्यांच्या लक्षात आलं, की रेडिओ ओळखू यावा अशी एकूण एक खूण आपण आपल्याच हाताने, जीव लावून, पुसून टाकली आहे. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

तेच धूड परत घेऊन डॉक्टर घरी पोचेपर्यंत बायकोच्या मावशींचा फोन येऊन गेला होता.

"काय म्हणाल्या?"

"काही नाही. 'डॉक्टर तसे सज्जन आहेत, पण छंद वाईट,' म्हणाल्या," बायको म्हणाली. "आई रविवारी येतेय. तिचा रेडिओ घ्यायला."

"अगं, दोन्ही रेडिओ शेजारी शेजारी ठेवून दाखवतो ना! हा माझा, हा त्यांचा."

"दोन चकचकीत दाखवलेत तर ती तिसरा मागेल."

"तुला तरी पटतंय ना, मी बदलला नाही ते?"

बायकोने एकदा काचेच्या कपाटाकडे पाहिलं. "मी तुम्हाला चांगली ओळखते, म्हणून तर पंचाईत आहे."

डॉक्टर मनापासून दुखावले. पेशंटांनी ओरडावं, चावावं, ते हसून सहन करत. पण सासुरवाडीत चोर ठरायचं म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं. आता एकच मार्ग उरला होता. दुरुस्त केलेला रेडिओ पुन्हा बिघडवायचा.

दुरुस्तीपेक्षा बिघाड करणं किती अवघड असतं, हे त्यांना त्या आठवड्यात कळलं. पक्का केलेला जोड त्यांनी सोडवला आणि जरासा कथलाचा डाख लावून अर्धवट ठेवला. रेडिओ चापट न खाताच बोलायला लागला. आणखी सैल केला, तर तो चापटीने बोले आणि कुणी शिंकलं की गप्प होई. पुढे तर उजवीकडून मारली तरी बोलू लागला, आणि उजवी चापट सासूबाई कधीच मान्य करणार नाहीत. चाचणीच्या चापट्या बायकोकडे होत्या. बापाचा हात तिच्यात उतरला होता.

"अगं, हळू!"

"बाबा अशीच मारायचे. आणि तुम्ही मध्ये तोंड आणू नका, नेम चुकेल."

टूथपेस्टचं टोपण नवीन ट्यूबचं काढलं आणि जुनाट पिवळं दिसावं म्हणून चहात उकळलं. आयुष्यभर पिवळं पांढरं करून पोट भरणाऱ्या माणसावर ही पाळी आली. गरम कप ठेवून गोल डाग पाडला. कंपास मात्र बायकोने त्यांच्या हातून काढून घेतला. "माझी रेघ आहे, मीच ओढणार," असं म्हणून तिने इतक्या आनंदाने रेघ ओढली, की डॉक्टरांनी तोंड फिरवलं.

रविवारी सासूबाई आल्या, पाणीही न घेता रेडिओसमोर उभ्या राहिल्या. डागावरून बोट फिरवलं, रेघ पाहिली, टोपण पिळलं. दिवा लागला, पण आवाज आला नाही. मग त्यांनी हात उचलला.

चापट बसली आणि रेडिओ गायला लागला.

सासूबाईंचे डोळे भरून आले. "हाच. यांचा हाच." पदराने डोळे टिपून त्या म्हणाल्या, "चूकभूल विसरा, जावईबापू. मीही विसरले."

डॉक्टरांच्या डोक्यावरचं ओझं उतरलं. ते अगदी पिसासारखे हलके झाले.

"आणि तो परवाचा कुठंय?" सासूबाई मागे वळल्या. "हा काय, कपाटात! किती गोड वाजत होता हो. मला तर पाहिल्याबरोबरच आवडला होता. पण आपला कुठे गेला ते कळल्याशिवाय दुसऱ्याचा कसा ठेवून घ्यायचा?"

"आई, हा तो नाही—" डॉक्टर बोलून गेले.

"मग तो कुठंय?"

हा तो नाही म्हणावं, तर तो कुठंय ते सांगावं लागणार; आणि तो त्यांच्याच हाताखाली, चहाचा डाग लेवून गात होता. डॉक्टरांनी बायकोकडे पाहिलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. ती डोळ्यांनीच सांगत होती, गप्प बसा.

"म्हणजे... हाच तो," डॉक्टर म्हणाले.

"मग मी हाच नेते. माझा तळहात सुटेल. यांचा तुमच्याकडे राहू दे, चार माणसं बघतील. फक्त एक करा, त्याला दुरुस्त म्हणून करू नका. वचन द्या."

डॉक्टरांनी वचन दिलं. कपाटाची किल्ली त्यांच्याच हाताने फिरली. लाडका रेडिओ मऊ दुलईत गुंडाळून गाडीपर्यंत त्यांनीच नेला आणि गाडी वळेपर्यंत फाटकात उभे राहिले. त्यांना खरंच रडू येत होतं.

दोन दिवसांनी सासूबाईंचा फोन आला. "जावईबापू, बाकी झकास आहे. पण सवय काही जात नाही बघा. आज नकळत एक चापट बसली त्याला."

डॉक्टरांनी हातातला चिमुकला आरसा खाली ठेवला. "मग?"

"गप्पच झाला. थांबा, फोन ठेवू नका."

फोनमधून एक सणसणीत आवाज आला. मग बारीक खरखर झाली आणि मागोमाग गाणं सुरू झालं.

"लागला!" सासूबाई आनंदाने म्हणाल्या. "आता कसा आपल्या घरचा वाटतोय!"